तेहतिसाव्या कलमापर्यंत वाच



आज मी बोलणार आहे ते सैनिकाच्या मूलभूत हक्कांबद्दल. मी वकील नाही, फौजीही नाही. बी.ए.ला राज्यशास्त्र होतं, एवढीच माझी आणि राज्यघटनेची ओळख. बाकी आयुष्य कविता करण्यात गेलं. तरी हा विषय घेतला, कारण त्यात माझ्या हातून एकदा एक चूक झाली आहे आणि ती कधीतरी उघडपणे सांगून टाकावी असं फार दिवस मनात होतं.

मी सातारा जिल्ह्यातला. आमच्याकडे दर दोन-चार घरांआड एक माणूस फौजेत असतो. आमच्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाच्या नावापुढे तर लोक 'मिलिटरी' असंच लावतात. माझ्याबरोबर शाळेत एका बाकावर बसणारा मित्र १९८९ साली भरती झाला. तोही कविता करायचा. मला तो 'शायर' म्हणायचा आणि स्वतःला काहीच म्हणवून घ्यायचा नाही. त्याची पत्रं यायची ती निळ्या आंतर्देशीय पत्रावर. पत्ता म्हणजे नंबर, नाव, युनिट आणि शेवटी '५६ ए.पी.ओ.'. तो नेमका कुठं आहे, हे त्या पत्त्यावरून कुणालाच कळायचं नाही. माझी अम्मी विचारायची, "पोरगा हाय तरी कुठं?" मी म्हणायचो, "छप्पन्नमध्ये आहे."

नव्वदीच्या दशकात आम्ही चार मित्रांनी मिळून तालुक्याच्या गावी एक दिवाळी अंक काढला. त्याच सुमाराला मित्राच्या पत्रात एक कविता आली. बर्फातल्या एका चौकीवरची रात्र, पहाऱ्यावर जागणारे दोन जण, रॉकेलवर पेटलेली बुखारी आणि वेळेवर न पोचलेलं रेशन, असं सगळं त्यात होतं. कविता खरोखर चांगली होती. मी ती अंकाच्या पहिल्या पानांत छापली. वर त्याचं नाव, हुद्दा आणि युनिट. कवितेत चौकीचं नाव होतं, तेही तसंच ठेवलं. 'आपला जवान कवी' असं कौतुकाचं शीर्षकही दिलं. त्याला न विचारता.

अंकाची एक प्रत फिरत फिरत त्याच्या पलटणीत पोचली. त्याला साहेबांपुढे उभं राहावं लागलं. हे बाहेर कुणी दिलं, परवानगी कुणाची घेतली, रेशनबद्दल लिहायचं काय कारण, असे प्रश्न झाले. ताकीद मिळाली. मला चार ओळींचं पत्र आलं, पुन्हा माझं काही छापू नकोस म्हणून. मी तरुण होतो, चिडलो. त्याला लांबलचक उत्तर लिहिलं. घटनेच्या एकोणिसाव्या कलमानं प्रत्येक नागरिकाला बोलायचं स्वातंत्र्य दिलं आहे, तू घाबरतोस कशाला, वगैरे. त्याचं उत्तर आलं ते एका वाक्याचं. "शायर, आमचे सुभेदारसाहेब म्हणतात, तुझ्या दोस्ताला सांग, घटना तेहतिसाव्या कलमापर्यंत वाच."

मी वाचनालयात गेलो आणि वाचली. तिथं काय लिहिलं आहे, ते आज तुम्हाला सांगतो.

घटनेचा तिसरा भाग म्हणजे आपले मूलभूत हक्क. कायद्यापुढे समानता चौदाव्या कलमात, भाषणाचं, सभेचं, संघटनेचं स्वातंत्र्य एकोणिसाव्यात, जीविताचं संरक्षण एकविसाव्यात, धर्माचं स्वातंत्र्य पंचविसाव्यात. मग येतं कलम ३२. हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क. ९ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटलं होतं. आणि त्याला लागूनच, पुढच्या ओळीला, कलम ३३. ते सांगतं की सशस्त्र दलांतल्या माणसांना हे हक्क किती लागू व्हावेत, किती कमी व्हावेत किंवा मुळीच नसावेत, हे संसद कायदा करून ठरवू शकेल. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांनाही, म्हणजे पोलिसांनाही, ते लागू आहे. १९८४ च्या पन्नासाव्या घटनादुरुस्तीनं त्यात गुप्तवार्ता विभाग आणि या सगळ्यांसाठी चालणाऱ्या दूरसंचार यंत्रणेतली माणसंही आली. हा मसुदा करणारे आंबेडकर स्वतः महूच्या छावणीत जन्मलेले, सुभेदार रामजी सकपाळांचे चिरंजीव. फौजेचं घर कसं असतं हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

या कलमाचे शब्द मात्र नीट वाचायला हवेत. हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेला आहे, एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीला नाही. आणि तो दोनच कारणांसाठी आहे. एक, सैनिकानं आपलं कर्तव्य नीट बजावावं म्हणून. दुसरं, त्यांच्यात शिस्त राहावी म्हणून.

संसदेनं हा अधिकार लगेच वापरला. आर्मी ॲक्ट १९५० सालचा, २२ जुलै १९५० पासून लागू झालेला. त्याच्या एकविसाव्या कलमानं सरकारला तीन बाबतींत नियम करायची मुभा दिली. कामगार संघटनेत किंवा तशा कुठल्या संस्थेत सामील होणं, सभेला किंवा निदर्शनांना जाणं, आणि वर्तमानपत्रांशी संपर्क ठेवणं किंवा पुस्तक, पत्र छापणं. १९५४ च्या नियमांत याचा तपशील आहे. राजकीय प्रश्नावर किंवा सेवेच्या विषयावर परवानगीशिवाय काही छापायचं नाही, हे तर आहेच. पण त्याच नियमात व्याख्यान आणि बिनतारी भाषण यांचाही उल्लेख आहे. बिनतारी भाषण म्हणजे रेडिओवरचं भाषण. आत्ता या खोलीत, या मायक्रोफोनपुढे मी जे करतो आहे ते. फौजेबद्दलचे हेच शब्द माझ्या मित्राला वर्दीत असताना परवानगीशिवाय इथं बसून बोलता आले नसते.

हे कशासाठी? त्याचं उत्तर आपल्या मुंबईतच सापडतं. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या खलाशांनी जेवण नाकारलं. तक्रार होती निकृष्ट अन्नाची आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिवीगाळीची. दोन-तीन दिवसांत ते लोण जहाजाजहाजांवर आणि कराचीपर्यंत गेलं. खलाशांच्या संप समितीचे अध्यक्ष होते एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग. गिरणी कामगार त्यांच्या पाठिंब्यासाठी रस्त्यावर आले, गोळीबार झाला, शेकडो माणसं मेली. आपण त्या खलाशांना स्वातंत्र्याचे सैनिक मानतो आणि ते बरोबरच आहे. पण सत्ता हाती येणाऱ्या पुढाऱ्यांना त्याच घटनेत दुसरी गोष्टही दिसली असणार. हाती बंदुका आणि तोफा असलेली माणसं एकत्र जमून मागण्या मांडू लागली, तर राज्य कुणाचं? नोकरीवरून काढलेल्या त्या खलाशांना स्वातंत्र्यानंतरही नौदलात परत घेतलं गेलं नाही.

आणि शेजारी बघा. १९४७ साली एकाच फौजेचे दोन भाग झाले. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानात सेनापती राज्यकर्ता झाला. आपल्याकडे तसं झालं नाही. त्याचं सगळं श्रेय एका कलमाला देणं भाबडेपणाचं होईल. पण फौजेनं राजकारण बोलायचं नाही, ही सवय आपल्याकडे पहिल्यापासून कायद्यानं लावली, याची किंमत मी कमी मानत नाही. शिपाई मत देतो. टपालानं देतो, आणि २००३ पासून गावातल्या आपल्या प्रतिनिधीमार्फतही देऊ शकतो. पण कुणासाठी प्रचार करत नाही.

तेव्हा बंधन हवं, हे मी मान्य करून चुकलो आहे. प्रश्न येतो तो बंधन किती आणि कुणावर, हा. १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे लष्करी आस्थापनांत काम करणाऱ्या नागरी कर्मचाऱ्यांचा खटला आला. स्वयंपाकी, चौकीदार, न्हावी, शिंपी, सुतार अशी ही मंडळी. त्यांना युनियन करायची होती. न्यायालयानं सांगितलं की लढणारा शिपाई नसला, तरी हा माणूस त्याच्या सोबत राहून त्याच्या कामाला हातभार लावतो, म्हणून तोही कलम ३३ मध्ये येतो. हातात बंदूक नाही, वस्तरा आहे, तरी संघटना नाही.

धर्माचा प्रश्न त्याहून नाजूक आहे, आणि मी मुसलमान असल्यामुळे तो मला बरेच लोक विचारतात. वायुदलातल्या एका मुस्लिम कॉर्पोरलला दाढी ठेवायची होती. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याचं अपील फेटाळलं. वायुदलाचा नियम असा की ज्यांच्या धर्मात केस कापायला किंवा दाढी करायला मनाई आहे, त्यांनाच सूट. शिखांना म्हणूनच ती मिळते. मुसलमानाला दाढी ठेवणं पुण्याचं असेल, पण न ठेवण्याला तशी मनाई आहे, हे न्यायालयाला पटलं नाही. आणि वर्दीतल्या माणसांत एकसारखेपणा राहावा, हे कारण पटलं. निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी वाद झाले. एक म्हातारे चाचा म्हणाले, "दाढी राहिली काय, गेली काय, पोरगं विमान नीट सांभाळतं का बघा." माझं मतही साधारण तिकडंच झुकतं. तरी ज्याची दाढी होती, त्याला ते इतकं सोपं नव्हतं, हेही मला कळतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये असाच दुसरा प्रसंग न्यायालयापुढे आला. एक ख्रिस्ती लष्करी अधिकारी. त्याच्या हाताखाली शीख जवानांची तुकडी. पलटणीच्या धार्मिक संचलनाला तो जायचा, अंगणात उभा राहायचा. पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घेणं आपल्या श्रद्धेला धरून नाही, म्हणून नकार द्यायचा. त्याला २०२१ मध्ये बडतर्फ केलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानं ते कायम ठेवलं. अधिकाऱ्यानं आपल्या जवानांच्या श्रद्धेपासून वेगळं उभं राहू नये, असा त्यामागचा विचार. मला तो कळतो. दर्ग्यावर हात जोडणारी हिंदू माणसं आणि पालखीला पाणी देणारी मुसलमान माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. पण ती स्वतःहून आलेली असतात. हुकमानं आत जाणं आणि मनानं आत जाणं यातला फरक शिस्तीच्या वहीत कसा मांडायचा, हे मला अजून सुटलेलं नाही. कायद्यानं मात्र उत्तर दिलं आहे, आणि वर्दी घालणाऱ्यानं ते आधी माहीत करून घ्यायला हवं.

आता दुसरी बाजू. कलम ३३ म्हणजे शिपायाचं नागरिकत्व संपलं, असं मुळीच नाही. कोर्ट मार्शलच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयात विशेष परवानगीनं अपील करण्याची वाट घटनेच्या कलम १३६ नं बंद ठेवली आहे, हे खरं. पण रिट अर्जाची वाट उघडी आहे. १९८२ साली एका लेफ्टनंट कर्नलच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की फौजेत दाखल झाला म्हणून माणूस नागरिक राहत नाही, असं होत नाही. त्याच निकालात कोर्ट मार्शलच्या निर्णयावर धड एकही अपील नाही, याबद्दल न्यायालयानं नाराजी दाखवली. त्यानंतर किती काळ जावा? पंचवीस वर्षं. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा कायदा झाला २००७ मध्ये, आणि न्यायाधिकरण सुरू झालं ऑगस्ट २००९ मध्ये. आज त्याचं एक पीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट करता येतं, हेही सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

बंधनालाही बंधन असतं, हे १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात दिसलं. लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशन नाकारताना सरकारनं इतर कारणांबरोबर कलम ३३ ही पुढे केलं होतं. न्यायालयानं सांगितलं, हक्क कमी करता येतात ते कर्तव्य आणि शिस्त यांच्यासाठी गरज असेल तेवढेच. बायकांची शरीरं दुबळी, त्यांच्यावर घरची जबाबदारी, हे जुने समज म्हणजे शिस्त नव्हे. त्या स्त्रियांना त्यांचा हक्क मिळाला.

पण रोजच्या आयुष्यात शिपायाचं अडतं ते इतक्या मोठ्या प्रश्नांवर नाही. जेवण, रजा, बदली, बढती आणि साहेबाचं बोलणं यांवर अडतं. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलातल्या एका जवानानं मोबाइलवर व्हिडिओ काढला. जळलेली रोटी आणि पाण्यासारखी डाळ त्यानं साऱ्या देशाला दाखवली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं. त्याची तक्रार खरी की खोटी, याचा निवाडा मी इथं बसून करणार नाही. मला आठवली ती १९४६ ची 'तलवार'. तेव्हाही सुरुवात ताटापासूनच झाली होती. आर्मी ॲक्टमध्ये तक्रारीची वाट आहे. सव्विसावं कलम जवानासाठी, सत्ताविसावं अधिकाऱ्यासाठी. वरच्याकडे, मग त्याच्या वरच्याकडे. त्या व्हिडिओनंतर लष्करप्रमुखांनीही जवानांना सांगितलं की समाजमाध्यमांवर जाऊ नका, तक्रारपेट्या ठेवतो, त्यात लिहून टाका. चांगलं आहे. पण पेटीचं कुलूप कोण उघडतो आणि उत्तर किती दिवसांत येतं, यावर सगळं अवलंबून असतं. ज्या माणसाचं बाहेर बोलणं आपण कायद्यानं बंद केलं, त्याचं आतलं बोलणं ऐकलं जाणं ही मग मेहरबानी उरत नाही. ते आपलं देणं होतं.

आता दिवाळी अंकाचीही गरज नाही, फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. जून २०२० मध्ये लष्करानं जवान आणि अधिकाऱ्यांना फेसबुकसह ८९ ॲप फोनमधून काढायला सांगितली. एक लेफ्टनंट कर्नल दिल्ली उच्च न्यायालयात गेले. घरच्यांशी, परदेशातल्या नातलगांशी संपर्क त्यावरच असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑगस्टमध्ये न्यायालयानं अर्ज फेटाळला. देशाच्या सुरक्षेपुढे हे चालणार नाही, असा निर्णय झाला. माझ्या छापलेल्या कवितेतलं ते चौकीचं नाव मला तेव्हा पुन्हा आठवलं. मला ती कवितेतली एक ओळ वाटली होती. त्या चौकीवर झोपणाऱ्यांच्या दृष्टीनं तो पत्ता होता.

माझा मित्र चोवीस वर्षं नोकरी करून २०१३ साली हवालदार म्हणून घरी आला. त्या प्रकरणामुळे त्याची बढती लांबली का, हे मी त्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं विषय बदलला. एकदा मात्र शेताच्या बांधावर बसलो असताना तो बोलला. मी म्हणालो, "तुम्हाला गप्प बसवतात, हे मला अजून पटत नाही." तो म्हणाला, "आम्ही गप्प राहायचं, हे सही करतानाच ठरलेलं असतं, शायर. त्याचं दुःख नाही. पण तुम्ही कुणी विचारायचं नाही, असं कुठल्या कलमात लिहिलंय?"

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. सैनिकाचे हक्क कमी करणारा कायदा संसदेनं केला आहे आणि संसद आपण निवडून देतो. म्हणजे त्याच्या तोंडावर बोट ठेवणारा हात शेवटी आपलाच आहे. मग आपल्या खासदाराला आपण रस्ता विचारतो, पाणी विचारतो; न्यायाधिकरणात किती सदस्यांच्या जागा रिकाम्या आहेत, हे कधी विचारतो का? जवानाच्या जमिनीचा वाद तालुक्याच्या कोर्टात पडून असतो. त्याचा खटला लवकर चालावा, अशी तरतूद त्याच आर्मी ॲक्टमध्ये आहे. ती आपल्या गावच्या जवानाच्या बायकोला कुणी सांगतं का? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची पायरी तिला कुणी दाखवतं का?

उलट त्याच्या गप्प बसण्याचा फायदा घ्यायला मात्र सगळे पुढे असतात. निवडणूक आयोगाला मार्च २०१९ मध्ये पक्षांना पुन्हा बजावावं लागलं की प्रचाराच्या फलकांवर सैनिकांची छायाचित्रं वापरू नका. जो स्वतः कुणाच्या बाजूनं बोलू शकत नाही, त्याच्या तोंडून आपलंच बोलणं वदवून घ्यायचं, ही मला त्या तेहतिसाव्या कलमाची सगळ्यात वाईट पायमल्ली वाटते. आणि ती करणारे वर्दीत नसतात.

गेल्या वर्षी मित्रानं मला एक वही दिली. चोवीस वर्षांत लिहिलेल्या कविता. म्हणाला, आता छापायच्या असतील तर छाप. मी चाळू लागलो. ती बर्फातली कविता त्यात होती, त्याच्या अक्षरात, पुन्हा नीट उतरवलेली. दोन जणांचा पहारा होता, बुखारी होती, उशिरा आलेलं रेशनही होतं. चौकीचं नाव तेवढं त्यानं काढलं होतं. तिथं त्यानं नुसतं 'वर' असं लिहिलं होतं. या वेळी मी त्यातलं एक अक्षरही बदलणार नाही. आणि छापण्याआधी त्याला विचारणार आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)